उसनी मते

१९७५ साल उजाडले तेव्हा ब्रिटनमधल्या मतचाचण्या एक चमत्कारिक गोष्ट सांगत होत्या. युरोपीय समुदायात राहावे की बाहेर पडावे असे सरळ विचारले, तर बाहेर पडा म्हणणारे जास्त निघत. पण सरकारने नव्या अटी पदरात पाडून घेतल्या आणि राहण्याची शिफारस केली तर काय, असे विचारले की पारडे फिरे. ५ जूनला सार्वमत झाले आणि ६७ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. या पाच महिन्यांत अटी फारशा बदलल्या नव्हत्या आणि लोकांनी कराराची कलमे वाचून काढली होती असेही नाही. बदलले होते ते बोलणाऱ्यांचे सूर. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन, विरोधी पक्षाच्या नव्याने नेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर आणि लिबरल पक्षाचे जेरेमी थॉर्प एकच गोष्ट सांगू लागले होते. जवळजवळ सगळी राष्ट्रीय वृत्तपत्रेही त्यांच्यामागे होती. समोर उभे होते टोनी बेन आणि इनॉक पॉवेल. एक डावीकडच्या टोकाचा, दुसरा उजवीकडच्या, आणि मध्यममार्गी मतदाराला दोघांचीही धास्ती. राहण्याच्या बाजूची मोहीम चालवणाऱ्या रॉय जेंकिन्स यांनी निकालानंतर मोकळेपणाने कबूल केले की लोकांनी ज्यांचे ऐकायची सवय होती त्यांचेच ऐकले.

प्रस्तुत पुस्तक या सवयीचा अभ्यास आहे. ज्या प्रादेशिक संघटनेशी आपला रोजचा संबंध येत नाही, जिचे अधिकारी आपण निवडून दिलेले नसतात आणि जिच्या बैठकींचा वृत्तान्त आतल्या पानावर चार ओळींत संपतो, तिच्याविषयी सामान्य माणसाचे मत बनते कसे? पुस्तकाचे उत्तर थोडक्यात असे, की ते बहुतेक वेळा उसने घेतलेले असते. ज्याच्याशी आधीपासून देणेघेणे आहे त्याच्याकडूनच माणूस उसने मागतो. मतेही तो तशीच घेतो, आपल्या पक्षाकडून, आपल्या नेत्याकडून, रोजच्या वर्तमानपत्राकडून. यात लोकांना मूर्ख ठरवण्याचा हेतू नाही. पोटापाण्याच्या धबडग्यात कुणी ब्रुसेल्स, अबुजा किंवा जकार्ता इथल्या कारभाराची कागदपत्रे वाचत बसावे अशी अपेक्षा करणेच अव्यवहारी आहे.

मते उसनी देणाऱ्या या मंडळींना पुस्तकात अभिजन म्हटले आहे. अभिजन म्हणजे कोण, हेही आधीच सांगून टाकू. लेखकांनी हा शब्द सैलपणे वापरलेला नाही. सत्तेतले आणि सत्तेबाहेरचे पक्षनेते, वरिष्ठ नोकरशहा, संपादक, उद्योजकांच्या आणि कामगारांच्या संघटनांचे पुढारी, आणि खुद्द प्रादेशिक संघटनांचे पदाधिकारी हे सारे त्यात येतात. हा एकजिनसी वर्ग नाही. त्यांच्यात फूट पडते तेव्हाच जनमताची खरी गंमत सुरू होते.

या अभ्यासाचा उगम शोधायचा तर वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ च्या जनमतावरील पुस्तकापर्यंत मागे जाता येते. दूरच्या जगाबद्दल माणूस आपल्या डोक्यातल्या चित्रांवरून बोलतो, आणि ती चित्रे दुसऱ्याने काढलेली असतात, हा त्यांचा मुद्दा अजून जुना झालेला नाही. प्रादेशिक एकीकरणाच्या पहिल्या पिढीतल्या अभ्यासकांनी मात्र जनमताकडे जवळजवळ पाठ फिरवली. १९५८ मध्ये अर्न्स्ट हास यांनी युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्ष, उद्योग, कामगार संघटना यांचे पुढारी काय करतात ते पाहिले की पुरे, लोकांची पाहणी करायची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळाला ती शोभणारीच होती. सहा देशांच्या मंत्र्यांनी कोळशाच्या किमती ठरवल्या, तर त्यावर लील किंवा बोलोन्यातल्या दुकानदाराचे मत कोण विचारणार? १९७० मध्ये लिंडबर्ग आणि शाइनगोल्ड यांनी या परिस्थितीला नाव दिले. मराठीत आपण तिला मुभा देणारी संमती म्हणू. लोक विरोध करत नाहीत, उत्साहही दाखवत नाहीत, नेत्यांना पुढे जाऊ देतात. त्याच सुमारास रॉनल्ड इंगलहार्ट यांनी शिक्षण वाढले की युरोपविषयीची आस्था वाढेल असा आशावादी सिद्धान्त मांडला, आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात युरोबॅरोमीटर ही नियमित जनमत पाहणी सुरू झाली. ती सुरू केली युरोपीय आयोगाने. ज्याच्याविषयी मत मोजायचे त्यानेच मोजपट्टी बनवायची, हा प्रकार अभ्यासकांच्या दोन पिढ्यांनी फारशी कुरकुर न करता चालवून घेतला, हे मला नेहमीच नवलाचे वाटते.

२ जून १९९२ रोजी डेन्मार्कने युरोपीय संघ घडवणारा मास्ट्रिख्ट करार सार्वमतात ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. संसदेतल्या मोठ्या पक्षांचा कराराला पाठिंबा असतानाही हे घडले. सप्टेंबरात फ्रान्समध्ये तोच करार ५१ टक्क्यांवर कसाबसा तरला. मुभा संपली होती. लिस्बेट हूग आणि गॅरी मार्क्स यांनी २००९ मध्ये नव्या अवस्थेचे वर्णन केले ते नेत्यांचे हात बांधणारा मतभेद असे. एकेकाळी लोकांना न विचारता करार करणाऱ्या नेत्यांना आता प्रत्येक पाऊल घरच्या मतदाराकडे बघत टाकावे लागत होते.

मधल्या काळात या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी तयार झाली. पहिल्याचा भर हिशेबावर. मॅथ्यू गेबल यांनी १९९८ मध्ये दाखवले की खुल्या बाजारात ज्याचे शिक्षण आणि कौशल्य विकले जाते तो युरोपच्या बाजूचा, आणि ज्याला स्पर्धेची झळ बसते तो विरोधात. दुसऱ्याचा भर अस्मितेवर. लॉरेन मॅकलरेन आणि हूग-मार्क्स यांच्या मते खिशापेक्षा 'आपण कोण' हा प्रश्न मोठा. तिसरे घराणे इशाऱ्यांचे, म्हणजे लोक कुणाच्या खुणा पाहून मत बनवतात ते पाहणारे, आणि या पुस्तकाचे नाते त्याच्याशी. क्रिस्टोफर अँडरसन यांनी १९९८ मध्ये म्हटले की युरोपविषयी माहिती नसलेला नागरिक आपल्या देशातल्या सरकारविषयीचे मतच तिकडे लावतो, म्हणजे घरचे सरकार आवडते तर युरोपही आवडतो. दोनच वर्षांत इग्नासियो सांचेझ-क्वेंका यांनी उलट बाजू मांडली. घरचा कारभार भ्रष्ट असेल तर लोक बाहेरच्या संस्थेकडे आशेने बघतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कुठल्या परिस्थितीत कुणाचे खरे, हे सांगायचा प्रयत्न कॅथरीन डी फ्रीस यांच्या २०१८ च्या पुस्तकात सापडतो.

इशाऱ्यांच्या घराण्याला एक जुनाट दुखणे आहे. नेता मत बनवतो की वारा बघून पाठ फिरवतो? स्टीनबर्गन, एडवर्ड्स आणि डी फ्रीस यांनी २००७ मध्ये हा प्रश्न थेट हाताळला आणि उत्तर दिले की दोन्ही घडते. पक्ष मतदारांना वळवतात आणि मतदार पक्षांना. आकडेवारीच्या भाषेत हे सोडवणे फार कठीण. म्हणून मला इतिहासाचा एक प्रसंग जास्त पटतो.

१९७५ मध्ये ब्रिटनचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष युरोपच्या बाजूचा आणि मजूर पक्ष दुभंगलेला. मजूर पक्षाच्या खास अधिवेशनाने तर बाहेर पडण्याच्या बाजूने जवळपास दोनास एक असा कौल दिला होता आणि १९८३ च्या जाहीरनाम्यातही बाहेर पडण्याचे वचन होते. मग आला सप्टेंबर १९८८. ८ तारखेला आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांच्या महाअधिवेशनात सामाजिक युरोपचे चित्र रंगवले. थॅचर यांच्या दशकात नामोहरम झालेल्या कामगार पुढाऱ्यांना ब्रुसेल्समध्ये पहिल्यांदाच आधार दिसला. बाराच दिवसांनी थॅचर यांनी ब्रुज येथे भाषण करून युरोपीय महासत्तेच्या कल्पनेवर तोफ डागली. पुढच्या दोन-तीन दशकांत दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या आणि त्यांच्यामागून मतदारांनीही. २०१६ च्या सार्वमतात कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांचा कल बाहेर पडण्याकडे आणि मजूर मतदारांचा राहण्याकडे होता. स्कॉटिश नॅशनल पार्टीची कहाणी याहून बोलकी. १९७५ मध्ये त्यांचा युरोपला विरोध होता. १९८८ मध्ये त्यांनी 'युरोपात स्वतंत्र स्कॉटलंड' ही भूमिका स्वीकारली, आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडची ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. खिशाच्या हिशेबाने एवढा उलटफेर समजावता येत नाही.

मग २०१६ मध्ये नेत्यांचे का ऐकले गेले नाही? पंतप्रधान, मजूर पक्षाचे बहुतेक खासदार, कामगार संघटना, उद्योजक, एवढेच काय लंडनला येऊन बोललेले अमेरिकेचे अध्यक्ष, सारे राहा म्हणत होते. तरीही ५१.९ टक्क्यांनी कौल बाहेर पडण्याचा लागला. एक कारण सरळ आहे. बोरिस जॉन्सन आणि मायकेल गोव्ह यांच्यासारखे सत्ताधारी पक्षातलेच वजनदार लोक उलट बाजूला होते, म्हणजे १९७५ सारखी एकवाक्यता नव्हती. पण दुसरे कारण जास्त खोल आहे आणि या पुस्तकाचा कणाही तोच. तीस वर्षे प्रत्येक ब्रिटिश पंतप्रधान ब्रुसेल्सहून परतताना 'मी लढून आलो' असे सांगत असे. चांगले झाले ते लंडनने केले, नको ते ब्रुसेल्सने लादले. डेव्हिड कॅमेरन यांनीही तेच केले, आणि मग फेब्रुवारी ते जून २०१६ या चार महिन्यांत त्याच ब्रुसेल्ससाठी मते मागितली. श्रेय घरी ठेवायचे आणि खापर बाहेर फोडायचे, ही राजकारणाची जुनी रीत. एकदा केलेल्या निंदेने काही बिघडत नाही. मुरलेली निंदा मात्र ऐनवेळच्या स्तुतीने पुसली जात नाही.

याला प्रयोगांचा आधारही आता मिळाला आहे. लिसा डेलमुथ आणि योनास तालबर्ग यांनी जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत नागरिकांपुढे आंतरराष्ट्रीय संघटनांविषयीची वेगवेगळी विधाने ठेवून पाहिले. स्तुतीपेक्षा टीकेचा परिणाम जास्त होतो आणि संघटनेने स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा राष्ट्रीय सरकारे आणि नागरी संस्था बोलल्या तर जास्त ऐकले जाते, असे त्यांना आढळले. संघटनांच्या प्रसिद्धी विभागांनी यावर थोडा विचार करावा. रंगीत पत्रके छापणे हे त्यांच्या हातातले सर्वांत दुबळे हत्यार आहे.

आतापर्यंत सगळा युरोप झाला, आणि इथेच मराठी वाचकाला कंटाळा येणे स्वाभाविक आहे. लेखकांनाही तो आला असावा, कारण पुस्तकाचा मोठा भाग युरोपबाहेरचा आहे. आग्नेय आशियातल्या आसियानमध्ये १९६७ च्या बँकॉक घोषणेपासून सारा कारभार परराष्ट्रमंत्र्यांच्या मेजावर चालला. २००८ मध्ये सनद लागू झाली, एक अस्मिता आणि एक समुदाय असे ब्रीद आले, गीत आले आणि शाळांतून झेंडे आले. तिथे पाठिंबा वरून पेरला गेला आणि त्याला विरोध करणारा पक्षच कुठे नव्हता. दक्षिण अमेरिकेत उनासुरचे भवितव्य उलटे. २००८ मध्ये डाव्या अध्यक्षांच्या लाटेत ती जन्मली आणि लाट ओसरल्यावर २०१८ मध्ये सहा देशांनी सहभाग थांबवला. पुढच्या वर्षी इक्वेडोरने संघटना सोडली आणि कीटोजवळची तिची इमारतही परत मागितली. नेत्यांच्या मैत्रीवर उभी राहिलेली संघटना जाताना तिच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार?

पश्चिम आफ्रिकेत लोक रस्त्यावर उतरले, पण संघटनेच्या विरोधात. इकोवास ही १९७५ मध्ये लागोस येथे स्थापन झालेली संघटना कागदावरची नाही. १९७९ च्या करारामुळे सदस्य देशांतला माणूस व्हिसाशिवाय ९० दिवस शेजारी देशात राहू शकतो आणि कांदा-गुरे विकणारा, ट्रकवर काम करणारा तिचा फायदा रोज घेतो. हिशेबाचे घराणे खरे असेल तर इथे पाठिंबा भरभक्कम असायला हवा. तरी जानेवारी २०२२ मध्ये मालीच्या लष्करी राजवटीने निवडणुका लांबवल्यावर इकोवासने सीमा बंद केल्या, पैसा गोठवला, आणि राजवटीच्या हाकेसरशी बामाकोचे चौक माणसांनी भरून गेले. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये बंड झाले तेव्हा पुन्हा निर्बंध, लष्करी कारवाईची धमकी, आणि नायजेरियाने वीजही तोडली. नियामेचे स्टेडियम बंडवाल्यांच्या समर्थकांनी भरले.

हे सगळे लष्करशहांचे कारस्थान होते असे म्हणून मोकळे होता येत नाही. जमीन आधीच तयार होती. २०२० मध्ये गिनी आणि आयव्हरी कोस्टच्या अध्यक्षांनी तिसऱ्या कार्यकाळासाठी निवडणूक लढवली तेव्हा इकोवास गप्प बसली. गणवेशातल्या बंडाला शिक्षा आणि कोटातल्या बंडाला माफी, असे लोकांना दिसले, आणि ही राष्ट्राध्यक्षांची युनियन आहे हा टोमणा सर्वतोमुखी झाला. लष्करशहांनी त्या रागाला शब्द दिले. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला अधिकृतपणे बाहेर पडले. पण त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये याच तीन देशांनी एक गोष्ट जाहीर केली होती, ती मला फार अर्थपूर्ण वाटते. इकोवास देशांच्या नागरिकांना आमच्याकडे व्हिसा लागणार नाही, असे त्यांनी सांगितले. संघटनेला शिव्या घालायच्या आणि तिने दिलेली सोय राखून ठेवायची. ती सोय इकोवासने दिली होती, हे व्यासपीठावरून कुणी बोलणार नव्हतेच.

आपल्या अंगणात तर निंदाही होत नाही. मराठी विद्यार्थ्याला दक्षिण आशियाई देशांची सार्क भेटते ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात. स्थापना ८ डिसेंबर १९८५, ढाका, मुख्यालय काठमांडू, सदस्य आठ, की पान उलटले. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ ची. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरी हल्ल्यानंतर बारगळली आणि तिच्यावाचून कुणाचे अडले नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या सार्क व्हिसा सवलत योजनेचे लाभार्थी कोण, तर मंत्री, खासदार, न्यायाधीश, पत्रकार, उद्योजक, खेळाडू अशा २४ वर्गांतले लोक. म्हणजे संघटनेने दिलेली सर्वांत ठोस सोयसुद्धा अभिजनांची अभिजनांसाठी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी ती रद्द केली, तेव्हा अशी काही योजना होती हे बहुतेकांना पहिल्यांदा कळले.

दक्षिण आशियाई देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. पण हितसंबंध नाहीत असे कोण म्हणेल? नाशिकच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९, २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, दिल्लीला लाखोली वाहिली गेली. त्या साऱ्या आरडाओरडीत २००६ पासून लागू असलेल्या साफ्टा या सार्कच्या व्यापार कराराचे नाव कुणा पुढाऱ्याच्या तोंडी ऐकू आले नाही. पालघर-डहाणूचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, पाकिस्तानी दलाच्या हाती सापडतात आणि वर्षानुवर्षे कराचीत अडकून पडतात. सार्कच्या सनदेतले दहावे कलम द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवते, म्हणून त्यांच्या बायकापोरांसाठी ही संघटना असून नसल्यासारखी. गरज आहे, पण ती आणि संघटना यांची गाठ घालून देणारा माणूस नाही. ती गाठ कुणीतरी बोलून दाखवेपर्यंत हितसंबंधातून मत जन्मत नाही, हे लेखकांचे प्रतिपादन मला इथे सर्वांत पटते.

एका मुद्द्यावर मात्र माझा लेखकांशी वाद आहे. दक्षिण आशियातले नेत्यांचे मौन हेही जनमत घडवण्याचे हत्यार आहे, असे ते म्हणतात. मला वाटते, बऱ्याचदा त्यात मते नसतात म्हणून कुणी बोलत नाही, त्यामागे डाव शोधायचे कारण नाही. लेखकांचा पुरावा दुबळा नाही, हेही खरे. दिल्लीत पंतप्रधानांच्या मे २०१४ च्या शपथविधीला सार्कच्या नेत्यांना आमंत्रण होते, मे २०१९ च्या शपथविधीला बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या बिमस्टेकच्या. आमंत्रणांची यादी बदलली आणि वृत्तवाहिन्यांवर एका संघटनेची जागा दुसरीने घेतली. त्यासाठी एक भाषणही लागले नाही. ढाक्यात मात्र ऑगस्ट २०२४ नंतर तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनुस यांनी सार्कला पुन्हा उभे करण्याची भाषा वारंवार केली, म्हणजे मौन हा काही या प्रदेशाचा स्वभाव नव्हे.

पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते यावरून लक्षात येईल. युरोपात घडलेले सिद्धान्त घेऊन ते आफ्रिका-आशियावर चिकटवणे लेखकांनी टाळले आहे. उलट बामाको आणि ढाका इथल्या अनुभवांवर ते सिद्धान्त घासून पाहिले आहेत, आणि जिथे ते टिकले नाहीत तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. पक्षपद्धत नाही तिथे इशारा कोण देतो, लष्करी राजवटीतल्या सभेतली गर्दी हे जनमत मानायचे का, असे प्रश्न युरोपच्या ग्रंथांत उद्भवतच नाहीत. वृत्तपत्रांचे मालक आणि समाजमाध्यमे यांवर आणखी लिहायला हवे होते असे मला वाटते. पुढच्या आवृत्तीत तशी भर पडेल अशी आशा आहे.

नव्या वाचकाने युरोपची प्रकरणे आधी वाचलीच पाहिजेत असे नाही. इकोवासवरून सुरुवात करून मागे आले तरी चालेल, कदाचित तेच बरे. दक्षिण आशियाच्या भागात तक्ते आणि आलेख कमी दिसतील. युरोबॅरोमीटरसारखी अर्धशतकभर अखंड चाललेली पाहणी आपल्याकडे नाही. म्हणून तिथे लेखकांनी संसदेतली भाषणे, संयुक्त निवेदने, अग्रलेख आणि शालेय पाठ्यपुस्तके वाचून काढली आहेत. लोक काय मानतात यापेक्षा लोकांना काय ऐकवले गेले, याचाच तो आलेख आहे, आणि तो तसाच वाचावा.